सरहद्दीपलीकडे

अठ्ठेचाळीस साली गावोगाव रझाकारांच्या धाडी पडू लागल्या, तेव्हा धावड्याच्या आसराबाईनं नवऱ्याला घेऊन घाट उतरायचा आणि पायीच निजामाची हद्द ओलांडायची ठरवलं.

"पांढरं धोतर नको, लांबून दिसतं," ती रायभानला कुजबुजली. नव्या वहाणा करकरतात म्हणून तिनं जुन्याच बाहेर काढल्या. मन घट्ट करून पायातली जोडवी उतरवली, कनवटीला खोचली.

तेवढ्यात कडी वाजली. रायभान भिंतीला चिकटला. तिनं दार उघडलं, तर समोर पोलीस पाटील. कुणाला पकडायचं ती नावं ह्याच्याच हातून वर जायची. त्यानं आत येऊन दार लावलं.




"वैनी, जल्दी करा, मलाबी संगं न्या," तो हात जोडून म्हणाला, "आता वरून माझंच नाव आलंय."