दोन मिनिटांपुरता फोन

"हे कुणाचं खातं आहे?" कुलूपदादांनी विचारलं.

संस्थेचे फोन आणि कॉम्प्युटर तपासायला ते महिन्यातून एकदा येत. याला कुलूप लावा, त्याला कुलूप लावा, यापलीकडे त्यांच्या तोंडी दुसरं काही नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कुलूपदादा म्हणत. समोर अक्का बसल्या होत्या. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांच्या या आधारगृहाच्या त्या गृहमाता, आणि नियमांच्या बाबतीत कुलूपदादांच्याही वरताण. येणाऱ्याजाणाऱ्याचा फोन त्या दारातच पत्र्याच्या डब्यात ठेवून घेत. संस्थेच्या अध्यक्षांचीही त्यातून सुटका नव्हती. घराचा पत्ता बाहेर फुटू नये, एवढ्यासाठी अक्कांनी अकरा वर्षं सगळ्यांचा वाईटपणा घेतला होता.

ऑफिसच्या फोनवर संस्थेच्या खात्याखाली आणखी एक खातं दिसत होतं.

"शिवणवालीचं," अक्का म्हणाल्या. "दोन मिनिटांपुरता फोन दिला होता तिला. मुलाचा फोटो बघायचा होता."

शिवणवाली तीन महिन्यांपूर्वी नेसत्या कपड्यांनिशी आली होती. सहा वर्षांचा मुलगा मागे राहिला. स्वतःचा फोनही तिनं घरीच सोडला; फोनवरून माग लागतो, म्हणून इथं येणाऱ्या प्रत्येकीला तसं सांगितलं जातं. ती कधी रडली नाही, कुणाशी भांडली नाही. दहा दिवसांपूर्वी तिनं एवढंच विचारलं, की माझे फोटो माझ्या खात्यात असतात, एकदा उघडून बघू का. अक्कांचं काळीज काही दगडाचं नव्हतं.

खातं उघडलं तर जुन्या फोटोंच्या वर नवे फोटो. नवरा आता तिचाच फोन वापरत होता. मुलाचे त्यावर काढलेले फोटो आपोआप खात्यात येत होते. पुढचा दात पडलेलं ते हसू बघून शिवणवालीनं तोंडावर हात दाबून धरला. त्यानंतर खातं बंद करायला अक्कांचा हात धजला नाही. मग रोज सकाळी एक नवा फोटो यायला लागला, आणि बघायला ये म्हणून अक्काच तिला हाक मारायला लागल्या.

कुलूपदादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्का, तिचा जुना फोन त्याच्या हातात आहे. त्याच खात्याला तुम्ही हा फोन जोडलात. हरवलेला फोन शोधायची सोय असते ना, त्यात त्याला आता दोन फोन दिसतात. एक त्याच्याजवळचा आणि एक हा. नकाशावर, गल्लीसकट."

अक्कांना आठवलं. या फोनचं ठिकाण शोधण्यात आलं, अशी काहीतरी सूचना दिवसातून दोनतीनदा वर यायची. त्यांना ती कसली तरी जाहिरात वाटे. टेबलावरचे पावाचे कण झटकावेत तशी त्या ती बोटानं बाजूला सारत.

"हे तुम्ही शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं," कुलूपदादा म्हणाले. पासवर्ड कसा ठेवायचा, अनोळखी लिंक का उघडायची नाही, सगळं त्यांनी दोन वर्षं घोकून घेतलं होतं. आईला मुलाचा फोटो दाखवू नका, असं शिकवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

शिवणवाली साडेनऊला कामावर गेली होती, दोन गल्ल्या सोडून असलेल्या कपड्यांच्या कारखान्यात. तिच्याजवळ फोन नव्हता. नियमच होता तसा. अक्कांनी टेबलावरच्या लँडलाइनवरून कारखान्यात विचारलं. तिथली बाई म्हणाली, ती आज आलीच नाही, आम्हीच तुम्हाला विचारणार होतो. अकरा वाजून गेले होते. कुलूपदादांनी त्याच लँडलाइनवरून पोलिसांना फोन लावला. तिकडून नाव, वय, उंची विचारून झाली आणि थांबायला सांगण्यात आलं.

"आज सकाळी फोटो बघितला होता तिनं?"

"बघितला. आज नवीन काही नाही म्हणाली, लगेच परत दिला फोन. जाताना माझा हात धरून उभी राहिली जरा वेळ. मीच म्हटलं, उशीर होतोय, पळ."

कुलूपदादांनी खात्यातले फोटो उघडले. आजचा फोटो होता, आठ पन्नासचा. पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. मागे हिरवं शटर, खालची एक पट्टी निघालेली. मुलाच्या खांद्यावर पुरुषाचा हात होता, मनगटापर्यंतच दिसणारा.

ते शटर अक्का रोज या खिडकीतून बघत. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या. पायरी रिकामी होती.

आता हे घर सोडावं लागेल, आजच, कुलूपदादा खालच्या आवाजात म्हणाले. वर बारा बायका होत्या, नऊ मुलं होती. कुणाचं तरी शिवणयंत्र चालू होतं. अक्कांनी मान हलवली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

टेबलावर ऑफिसचा फोन होता, त्यात फोटो तसेच उघडे होते. दोघांच्या डोळ्यांदेखत सगळ्यात वर आणखी एक फोटो आला.

गाडीची मागची सीट. मुलगा शिवणवालीच्या मांडीवर होता. दोघंही सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती आणि हसत होती, कुणी हस म्हटल्यावर हसावं लागतं तसं.