‘ये’ म्हणायच्या आधी

उलटं लटकल्या लटकल्या झेल्याला कळलं की डाव्या पायाचा अंगठा गेला. म्हणजे होता जागच्या जागी, पण हल म्हटलं तर हलत नव्हता. सकाळपासून डाव्या कुल्ल्यात कोणीतरी सुरी फिरवत होतं. ती कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरली होती आणि तिच्या खाली आता सगळं बधिर.

झुल्याचा दांडा गुडघ्यांच्या मागे, पावलं दोन्ही बाजूंच्या दोरांना विळखा घालून. सर्कशीत झेलणाऱ्याचं भांडवल ते एवढंच. समोरच्या उंच फळीवर त्याची धाकटी बहीण उभी होती. तिने झोका घेऊन सुटायचं, हवेत दोन कोलांट्या मारायच्या, आणि याने तिची मनगटं पकडायची. खाली जाळी होती, नाही असं नाही. पण कोलांटी अर्धवट राहून माणूस मानेवर पडला, तर जाळीतही मान मोडते. त्यांच्या बापाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्याने पोरांकडून एकच नियम घोकून घेतला होता. झेलणारा ‘ये’ म्हणाला की उडणाऱ्याने विचार करायचा नाही, आणि ‘नाही’ म्हणाला तर फळीवरून पाय हलवायचा नाही.

पंधरा वर्षांत झेल्या ‘नाही’ म्हणाला नव्हता. पंधरा वर्षांत त्याने धाकटीला एकदाही सोडलं नव्हतं.

दुखणं दोन महिन्यांचं होतं. जेवण उभ्याने. बसलाच तर उजव्या कुल्ल्यावर कलून. “दादा, अंडी उबवायला बसलायस का?” धाकटी चिडवायची, आणि हा दात काढून हसायचा. झोपताना कुल्ल्याखाली रबरी चेंडू दाबून पडायचा, तेवढाच उतार. शेवटी गुपचूप डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तर हा गडी असा ओरडला की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

“सायटिका. कंबरेपाशी शीर दबलीय,” बाई म्हणाल्या. “काम जड आहे का?”

“छे हो. नुसतं लटकायचं असतं.”

बाईंना ती थट्टा वाटली. पण खरं काय ते ऐकल्यावर त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सहा आठवडे बंद. पावलातली ताकद गेली तर त्याच दिवशी येणे.’ तो कागद झेल्याने गादीखाली सरकवला. मॅनेजरने दुसरा झेलणारा हेरून ठेवलाय, हे सगळ्या तंबूला ठाऊक होतं. सहा आठवडे खाली उतरलेल्या माणसाला परत वर कोण चढवतो! आयुष्यभर दारात उभं राहून तिकिटं फाडायची.

आज सकाळच्या सरावात मात्र धाकटीचं डावं मनगट त्याच्या हातातून बोटभर निसटलं होतं. “घाम गं,” तो म्हणाला होता. तिने नुसती मनगटाची पट्टी आवळली होती. गेले दहा दिवस ती मनगटांना लाल पट्ट्या बांधून यायची. नटायचं वेड लागलंय पोरीला, दुसरं काय, असं त्याने धरलं होतं.

बँडचा ढोल घुमायला लागला. त्याच्या झुल्याचा पहिला झोका. दुसरा. तिसऱ्याला हाक मारायची, हे ठरलेलं.

‘ये’ अगदी ओठांवर आलं. आणि डाव्या पावलाचा विळखा दोरावरून घसरला. इंचभरच, पण घसरला.

तिसरा झोका गेला. चौथा गेला. खाली कोणीतरी शिट्टी मारली. “झोपलं वाटतं वटवाघूळ!” एक जण ओरडला आणि अख्खी रांग हसली.

“अरे ए झेल्या!” मॅनेजर खालून बोंबलला. “हाक मार की!”

पाचवा झोका. धाकटी त्याच्याकडे टक लावून बघत होती. हाक मारली तर ही येईल. विचार न करता येईल. एवढी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती.

“नाही!” तो ओरडला.

ढोल थांबला.

त्याने दांडा सोडला, पाठीवर जाळीत पडला, आणि कडेवरून उतरताना डावं पाऊल दुमडून तिथेच मातीत बसला. मॅनेजर हातवारे करत प्रेक्षकांची समजूत घालत होता. धाकटी शिडीवरून उतरून आली. चेहरा लालबुंद.

“तुझा खेळ बुडवला मी,” तो म्हणाला. “पाय गेलाय गं माझा. दोन महिने लपवलं. माफ कर.”

तिने दोन्ही मनगटांच्या पट्ट्या सोडल्या. डावं मनगट स्वच्छ होतं. उजव्यावर पाच बोटांचे काळेनिळे वळ.

“डावी बाजू धरत नाही, म्हणून उजव्या हाताने जीव खाऊन धरतोस,” ती म्हणाली. “दहा दिवस बघतेय. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. कसला भाऊ रे तू!”

झेल्याला रडू फुटलं. तिने त्याला उठवायला हात पुढे केला. त्याने तो धरला आणि थबकला. तळहात कोरडा, स्वच्छ होता. हात निसटू नये म्हणून पांढरी भुकटी चोळल्याशिवाय कुठलाच उडणारा झुल्याला हात लावत नाही.

“भुकटी कुठंय?”

“लावलीच नव्हती.”

“मग वर कशाला चढलीस?”

“तू ‘ये’ म्हणतोस का, ते बघायला.”