माझं पातेलं

युक्रेनमधली सोलोमिया पोरीला घेऊन आमच्या पोलंडमध्ये आली, समोरच्या खोलीत उतरली, त्याच दिवशी मी तिला पातेलंभर गरम सूप दिलं. दोन वर्षं होत आली तरी पातेलं काही परत येईना. जिन्यात दिसली की मी टोमणा मारायचे, "सुपाबरोबर पातेलंही गिळलंस की काय गं?"

"देते, काकू." एवढंच म्हणायची आणि लालबुंद व्हायची.

परवा तिला इथे राहायचा पक्का परवाना मिळाला. काल दार वाजलं. बघते तर माझं पातेलं, बोर्श्टने, म्हणजे बिटाच्या लालभडक सुपाने, काठोकाठ भरलेलं.

"अगं, नुसतं धुऊन दिलं असतंस तरी चाललं असतं!"

"आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, काकू. आणि घरात होतं ते सगळं लोकांनी दिलेलं. तुमचंच तुम्हाला कसं देणार? हे बीट मी लावलेलं आहे, मागच्या वाफ्यात."

मी पातेलं आत ठेवून आले, तरी बाई उभीच. पायरीवर ठेवलेलं दुसरं, कोरंकरकरीत पातेलं उचलून तिने माझ्या हातात दिलं. आत वाफाळते वारेनिकी, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच जणू.

"हे पातेलं माझं," मान ताठ करून ती म्हणाली. "रिकामं परत आणलंत, तर दारात उभं करणार नाही!"