रिकाम्या खोलीतला दिवा

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं त्या वर्षी बाबांनी तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आणला. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांना त्यावरच्या एकाच गेमचा नाद लागला. झपाटलेल्या बंगल्यात खुनी शोधायचा. सगळ्या खोल्यांतले दिवे एकाच वेळी लागलेले असले की तो दिसतो.

बाबांना तो कधीच दिसला नाही. घरातल्या सवयीने ते तिथेही खोलीतून निघताना दिवा मालवत. "रिकाम्या खोलीत लाईट काहून पायजे?" माणूस बसलेल्या खोलीतला दिवा मात्र त्यांनी कधी मालवला नाही.

बाबांचा तेरावा झाल्यावर एका संध्याकाळी त्यांचा अर्धवट खेळ पुरा करायला मी बसले.

दिवाणखान्यात दिवा लावून जिना चढले. परत आले तर तिथे अंधार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. या गेममध्ये दिवे आपोआप विझत नाहीत.

"बाबा, आज राहू द्या," मी हळूच म्हणाले.

मग दिवे राहिले. बंगला उजळत गेला. शेवटच्या खोलीचं दार उघडून दिवा लावला, पण खुनी तिथेही नव्हता; तेवढ्यात माझ्या मागे आमच्या घरात बटण खट्कन वाजलं.

"यामिनी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लाईट काहून बंद केला वं? मी इथंच बसून आहो ना."