शेवटी येईल तो गोलात

“दादा, तुम्ही उशिरा आलाय. गोलात उभं राहा!” सात वर्षांच्या कस्तुरीनं हुकूम सोडला.

सूर्याजीनं माझ्याकडं, त्याच्या जुन्या वस्तादाकडं, पाहिलं. कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हा फॉरवर्ड आधी गोव्यात, मग अकरा वर्षं पोर्तुगालमध्ये खेळला. आता निवृत्त होऊन इथल्या पोरांना शिकवू का, हे विचारायला आला होता. नाव मोठं, पण पोरांना शिकवायचा धीर आहे का, याची मला शंका होती.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो.

तो निमूट गोलात गेला. कस्तुरीनं अंगठ्यानं चेंडू हाणला, तो कुंपणाबाहेर. पोरं हसली, तिचे डोळे भरले. सूर्याजीनं धावत जाऊन चेंडू आणला. “पायाच्या आतल्या बाजूनं मार, बाळा. मीपण असाच चुकायचो.”

सहा वेळा चेंडू बाहेर गेला, सहा वेळा त्यानंच आणला. सातव्यांदा तो झेपावला, तरी चेंडू हाताखालून जाळीत शिरला.

“मुद्दाम सोडलास काय रं?”

“देवाशप्पथ नाही, वस्ताद!” मातीनं माखलेला सूर्याजी हसत म्हणाला. “पण माझं काय ठरलं?”

माझ्याआधी कस्तुरीच ओरडली, “उद्या लवकर या, दादा! नाहीतर परत गोलात.”