गव्हाणीचा दिवा

गव्हाणीवरची घंटा सकाळीच उतरवली होती. तिच्या जागी बोराएवढा लाल दिवा जळत होता.

उद्या इथे उसाची पहिली मोळी पडायची, कारखान्याचा एकाहत्तर सालचा हंगाम सुरू व्हायचा. म्हणून बन्सी गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडे ओढून नेणाऱ्या खोल चरात, उतरून गेल्या सालची अडकलेली चिपाडं उपसत होता. तो वर आला, की यंत्र एकदा फिरवून बघायचं होतं.

सरोजिनी नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. कडेवर सहा महिन्यांची लेक. नवरा रविकांत, कारखान्याचा इंजिनिअर, मोठ्या हौसेने तिला सांगत होता, "माणूस उतरताना बटण दाबतो, दिवा लागतो. वर आला की पुन्हा दाबतो, दिवा विझतो. दिवा विझला की सहादेवने दांडा ओढून यंत्र सुरू करायचं. संपलं!"

"आणि आधी काय होतं?"

दांड्याशी चौदा वर्षं बसलेला सहादेव म्हणाला, "आदी मानूस वर यायचा आन् सोताच्या हातानं तीन टोल द्यायचा. टोल न्हाई तर दांड्याला हात न्हाई. एकडाव बन्स्या टोल द्यायचा इसरला आन् गेला मिरजगावच्या बाजाराला. आमी हितं दिस मावळंस्तवर त्याची वाट बघत!"

"ऐकलंस?" रविकांत हसला. "अख्खा दिवस वाया!"

सरोजिनी हसली नाही. "अहो, पण दिवा आपोआपच गेला तर?"

"नवा कोरा बल्ब आहे. बाळंतपणापासून तुझं हेच. पाळण्याची दोरी तुटेल, दुधात पाल पडेल..." तो हात धुवायला नळाकडे गेला.

लेक केस ओढत होती. सरोजिनीची नजर दिव्यावरच होती.

दिवा गेला.

"आला बन्स्या," म्हणत सहादेवने दांड्याला हात घातला.

सरोजिनीने गव्हाणीतून वर येणाऱ्या शिडीकडे पाहिलं. शिडीवर कुणी नव्हतं. तिने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"बाईसाहेब, सोडा. दिवा गेला म्हंजे मानूस भाईर. सायबांनीच शिकीवलंय."

"आधी त्याला हाक मारा!"

"बन्स्या!"

"काय रं?" आवाज पार तळातून आला. "इळा टाक की जरा. लई रुतलंय चिपाड."

सहादेवने डोक्याचा पटका सोडला आणि दांडा खांबाला करकचून बांधला.

आवाज ऐकून रविकांत ओल्या हातांनीच नळाकडून परत आला.

"असे दिवे आणखी कुठे बसवलेत?" सरोजिनीने विचारलं.

"सगळीकडे. अकरा ठिकाणी. आजच."

"आणि आत माणसं?"

"साफसफाई चाललीय. सगळीकडेच."

पलीकडच्या शेडमध्ये एक यंत्र घरघरत सुरू झालं. रविकांत धावत सुटला.

सरोजिनीने लेकीचं डोकं छातीशी दाबलं आणि तिचा उघडा कान तळव्याने घट्ट झाकून घेतला.