रांगण्याचं प्रात्यक्षिक

देवानंद बोगद्यात अडकला.

बोगदा कापडी होता, लहान बाळांचा होता आणि त्यावर ससे छापलेले होते. डोकं आणि एक हात बाहेर निघाला होता, बाकीचा देवानंद आत होता. समोर आजीच्या मांडीवर बसून दहा महिन्यांची दामिनी टाळ्या वाजवत होती.

"अजून एक खेप काढ बाप्पा," पार्वताबाई म्हणाल्या. "पोरीले मजा येऊन रायली."

"मजेसाठी नाई करून राहिलो मी, आई," बोगद्यातून आवाज आला. "तिनं पाहून शिकावं म्हणून करून राहिलो."

दामिनी ऐटीत बसायची, हात धरला की उभी राहायची, पण रांगत नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी तिचे हातपाय तपासून सांगितलं होतं, "घरी खेळ घ्या. तीन आठवड्यांनी सोमवारी परत आणा. तोवर रांगली नाही, तर काही तपासण्या करू." तेव्हापासून करिश्माच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लेकीकडे पाहता पाहता तिचे डोळे भरून यायचे. आज त्या सोमवारच्या आधीचा रविवार होता.

देवानंद मोर्शीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने हा विषयही अभ्यासक्रमासारखाच हाती घेतला. खेळायची चटई मागवली, बोगदा मागवला, डोंगर करायला जाड उशा मागवल्या. मूल अनुकरणातून शिकतं हे त्याने वाचलं होतं, म्हणून प्रत्येक खेळाचं आधी प्रात्यक्षिक व्हायचं. उशांचा डोंगर देवानंद चढायचा. घरच्या बागेतलं संत्रं घरंगळत सोडलं की त्याच्यामागे त्याचे वडील खुशालराव रांगायचे. सुरुवातीला त्यांचे गुडघे कुरकुरले. आता ते कित्येक वर्षांनी मांडी घालून जेवायला बसू लागले होते. प्रगती सगळ्यांची दिसत होती, एक दामिनी सोडून.

तिला चटईवर ठेवत नव्हते असं नाही. ठेवायचे. ती तळवा पुढे टेकवायची, वाकून बघायची आणि म्हणायची, "अं." एवढ्यावर चहूकडून हात धावायचे. कोणाला फरशी गार वाटायची, कोणाला मुंगी दिसायची.

"आमच्या घरचं लेकरू हातावरच वाढते," पार्वताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "देवानंदनं तं चालाले लागल्यावर भुई पायली." ऐकणाऱ्या बायका कौतुकाने मान हलवायच्या आणि दामिनीला आपल्या कडेवर घ्यायच्या.

करिश्माने नवऱ्याला पाय धरून बोगद्यातून ओढून काढलं आणि हळूच म्हणाली, "अवो, तिले जराशी खालीच राहू द्या ना. रडली तं रडू द्या."

"तेच तं मी सगळ्यायले सांगून राहिलो!" देवानंद म्हणाला. त्याने दामिनीला उचललं आणि बोगद्याचं दुसरं तोंड दाखवायला घेऊन गेला. दाखवून झाल्यावर आजीने पुन्हा मांडीवर ओढली.

आता खुशालरावांची पाळी होती. त्यांनी संत्र्यामागे एक फेरी मारली आणि उठताना आधाराला हात टेकला तो भिंतीशी रचलेल्या संत्र्यांच्या कॅरेटवर. सगळ्यात वरचं कॅरेट कलंडलं. संत्री पलंगाखाली, कपाटाखाली, दारापर्यंत धावली.

"अरे माय! पायाखाली येतीन!" पार्वताबाई ओरडल्या. त्यांनी दामिनीला घटकाभर चटईवर ठेवलं आणि पदराची झोळी करून त्याही गुडघ्यांवर आल्या. सासू कपाटापाशी, सासरे दारापाशी, करिश्मा कोपऱ्यात, देवानंद अर्धा पलंगाखाली.

"अं," दामिनी म्हणाली.

कोणी आलं नाही.

"अं!" ती जरा रागावून म्हणाली. कोणाचेच हात रिकामे नव्हते. बोगद्याच्या तोंडाशी एक संत्रं डुलत उभं होतं. दामिनीने दोन्ही तळवे टेकले, मागचा भाग उचलला, जागच्या जागी थोडी मागेपुढे हलली. मग निघाली. संत्र्याला हात लागला, ते आत पळालं. तीही आत शिरली. बोगद्यावरचे ससे हलू लागले.

करिश्माने पाहिलं. "थांबा," ती श्वास रोखून म्हणाली. "कोणी हालू नका."

घरातली चारही मोठी माणसं होती तिथेच, हातापायांवर थिजली. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून आधी संत्रं आलं, मग दामिनी. करिश्माने पदर तोंडाशी घेतला. तो तिला लगेच डोळ्यांनाही लावावा लागला.

"रांगली!" देवानंद ओरडला, धावला आणि त्याने दामिनीला उचलून छातीशी धरलं. त्याच्याकडून ती पार्वताबाईंकडे गेली, तिथून खुशालरावांच्या खांद्यावर, तिथून ओरडा ऐकून आलेल्या शेजारच्या माणिकबाईंकडे. घरात शिरा झाला. संध्याकाळी करिश्माने चटई पुन्हा अंथरली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता काहून? थकलं असंन ना लेकरू."

सोमवारी सगळं घर अमरावतीला गेलं. दामिनी देवानंदच्या कडेवर होती.

"मॅडम, रांगली!" तो खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला. "चक्क बोगद्यातून!"

डॉक्टरबाईंना खरंच आनंद झाला. तपासण्या लिहायला घेतलेलं पेन त्यांनी खाली ठेवलं आणि कोपऱ्यातल्या चटईकडे बोट दाखवलं. "वा! मग दाखवा बघू."

"दाखवतो की," देवानंद म्हणाला. त्याने दामिनीला पार्वताबाईंच्या हाती दिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि चटईवर दोन्ही गुडघे टेकले.